बीज दिसत नाही, फुटणे दिसते

प्रश्न : कृष्णा रेड्डी यांचे ‘जर्मिनेशन’ हे मुद्राचित्र एका प्रदर्शनात पाहिले. शीर्षक अंकुरणाचे, पण चित्रात ना दाणा ओळखता आला, ना कोंब. शिवाय खाली पेन्सिलीने अपूर्णांकासारखा आकडा होता. मग हे मूळ चित्र म्हणायचे की प्रत?

उत्तर : आकड्याची शंका लगेच मिटण्यासारखी आहे. अशा मुद्राचित्रात कलावंत धातूची प्लेट कोरतो, तिला शाई लावतो आणि कागदावर तिचे छाप घेतो. वरचा अंक त्या छापाचा क्रमांक असतो आणि खालचा संपूर्ण आवृत्तीतील छापांची संख्या. ज्याची नक्कल करावी असे रंगवलेले चित्र मागे कुठेच नसते, म्हणून प्रत्येक छाप मूळच असतो.

दाणा का दिसला नाही, याचे उत्तर मात्र प्लेटमध्ये शोधावे लागते. रेड्डी (१९२५–२०१८) शिल्पकारही होते आणि धातूची प्लेट ते शिल्पासारखीच कोरत. अवजारांनी आणि आम्लाने तिच्यावर कमीअधिक खोलीचे थर तयार करत. पॅरिसच्या ‘आतल्ये १७’ या कार्यशाळेत त्यांनी आणि मुंबईत जन्मलेल्या कायको मोती यांनी जी पद्धत विकसित केली, तिच्यात खोल रेषांत शाई भरून झाल्यावर कठीण रोलरने पातळ, तेलकट शाई केवळ उंचवट्यांवर चढवतात. मग मऊ रोलर दाबला जाऊन खालच्या थरांपर्यंत पोहोचतो आणि त्याच्यावरची घट्ट शाई तिथे बसते, पण तेलकट शाई जिथे आधीच आहे तिथे ती धरत नाही. सगळे रंग एकाच प्लेटवर, प्रेसखालून एकदाच जाऊन कागदावर उतरतात. त्यामुळे रंगांच्या कडा कुंचल्याने आखलेल्या नसतात. एका शाईने दुसरीला जागा नाकारली, तिथे त्या आपोआप उमटतात.

नॉर्वेचे चित्रकार एडव्हर्ड मुंक यांनी ‘मॅडोना’च्या शिळामुद्रणात, म्हणजे दगडावरून छापलेल्या चित्रात, चौकटीवर शुक्रजंतू आणि कोपऱ्यात भ्रूण स्पष्टच काढला होता. तिथे जीवनारंभाची खूण ओळखता येते, आणि त्या भ्रूणाकडे पाहून थोडी भीतीही वाटते. रेड्डींनी खूण टाळली, वाढीची हालचाल तेवढी ठेवली. माझा कौल रेड्डींना आहे, मुंक यांच्या चाहत्यांनी रागावू नये.

पुन्हा संधी मिळाली तर चित्र समोरून न पाहता बाजूने, तिरप्या उजेडात पाहावे. प्लेटच्या खोल भागांत दाबला गेलेला ओला कागद तिथे फुगून वर आलेला असतो.