लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस कॅमेरा बॅगेतच राहू दे

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की फिरण्याच्या आणि फोटोंच्या या सदराकडे लडाखचे प्रश्न यायला लागतात, यंदाही तेच झालंय, म्हणून या वेळी सगळी पत्रं तिकडचीच घेतली, शेवटचं एक सोडून.

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघं विमानाने लेहला जातोय. सोबत आई आहे, वय ६२, बीपीची गोळी चालू. एकूण सहा दिवस. नुब्रा, पँगाँग, हानले आणि त्सो मोरीरी सगळं बसवलंय. फोटोसाठी अजून काही अ‍ॅड करता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, अ‍ॅड काही नका करू, उलट निम्मं काढून टाका. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीपेक्षाही वर, आणि विमान तुम्हाला तिथे दोन-तीन तासात नेऊन ठेवतं, शरीराला काही कळायच्या आत. पहिले दोन दिवस लेहमध्येच रहा, जिने चढू नका, पाणी प्या, झोपा. उतरल्यावर एकदम फ्रेश वाटतं म्हणून लोक लगेच फिरायला निघतात आणि रात्री डोकं ठणकायला लागतं.

माझी पहिली लडाख ट्रिप अशीच गेली. दुसऱ्याच रात्री मी पँगाँगला मुक्काम ठेवला, तो जवळजवळ ४२५० मीटरवर. रात्रभर उलट्या, डोकं उचलवत नव्हतं, सकाळी तळं आरशासारखं शांत होतं असं बाकीच्यांनी सांगितलं, मी तंबूतच पडून होतो. ड्रायव्हरदादांनी दिवस उजाडताच मला खाली आणलं म्हणून निभावलं. त्या तळ्याचा त्या ट्रिपमधला माझ्याकडे एकही फोटो नाही.

तेव्हा सहा दिवसात असं करा. दोन रात्री लेह, तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा, तिथे दोन रात्री, मग परत लेह. नुब्रात हुंडर गाव लेहपेक्षा खाली आहे त्यामुळे आईंना तिथे झोप नीट लागेल, आणि वाळूच्या टेकड्या, दोन वशिंडांचे उंट, मागे बर्फाचे डोंगर, हे सगळं एकाच फ्रेममध्ये मिळतं. खारदुंग लावर दहा-पंधरा मिनिटांच्या वर थांबू नका. तिथल्या प्रसिद्ध पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असायचं, मोजलेली उंची १७,५८२ फूट आहे, पण त्रास व्हायला तेवढीही भरपूर झाली. पँगाँग हवंच असेल तर सुट्टी दोन दिवस वाढवा. हानले आणि त्सो मोरीरी पुढच्या वेळी.

आईंना निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांकडे नक्की न्या, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते डॉक्टरच ठरवतील, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सल्ल्याने घेऊ नका. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पाठ करा: बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असली तरी गाडी काढून खाली उतरायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. ऑक्सिजनचा डबा हा उतरण्याला पर्याय नाही. वेळ जास्त असता तर मी तुम्हाला श्रीनगर-कारगिल रस्त्यानेच जा म्हटलं असतं, त्या वाटेने उंची हळूहळू वाढते. मनालीकडून जाताना सरचूचा मुक्कामच लेहपेक्षा बराच वर पडतो.

प्रश्न : मी सेकंड इयरला आहे, माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर हानलेला जाणारे. आकाशगंगेचा फोटो निघेल का? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : निघेल, पण ट्रायपॉड लागेल, त्याशिवाय नाही. प्रो मोडमध्ये जाऊन रॉ (फोनने काही बदल न केलेला फोटो) ऑन कर, आयएसओ १६०० ते ३२००, शटर १५ ते २० सेकंद, फोकस इन्फिनिटीवर, आणि तीन सेकंदांचा टायमर लाव म्हणजे बोट लागून फोन हलणार नाही. अमावास्येच्या आजूबाजूचे दिवस धर, चंद्र असला की आकाशगंगा फिकी पडते.

आता तुला एक गंमत सांगतो. आकाशगंगेचा जो सगळ्यात दाट, तेजस्वी भाग आहे तो दक्षिणेकडे असतो, आणि तो हानलेपेक्षा तुमच्या कोल्हापुरातून जास्त वर चढलेला दिसतो. हानलेला तो क्षितिजापासून साधारण २८ अंशांपर्यंतच येतो, तुमच्याकडे ४४ पर्यंत. हानलेचं मोठेपण आहे ते अंधारात आणि कोरड्या, विरळ हवेत. म्हणून तू मार्च-एप्रिलमध्ये पहाटे तीनला उठून शहरापासून लांब एखाद्या पठारावर जा, आणि फोनची सगळी बटणं अंधारात न बघता सापडायला लागेपर्यंत प्रॅक्टिस कर. ऑगस्टमध्ये आपल्याकडे ढग असतील, तिथे मात्र अंधार पडला की तो भाग दक्षिणेला समोरच असेल. थंडीत बोटं बधिर होतात, त्या वेळी सेटिंग शोधत बसायला नको.

हानले हे २०२२ मध्ये जाहीर झालेलं आपल्या देशातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेला प्रदेश आहे. वर डोंगरावर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे, तिथली दोन मीटर व्यासाची चंद्रा दुर्बीण रात्रभर काम करत असते. गावातले लोक खिडक्यांना जाड पडदे लावतात, दिवे झाकतात, त्यांनी स्वतःची सवय बदललीय. तेव्हा तुम्ही पोरांनी गाडीचे हेडलाइट चालू ठेवून फोटो काढायचे नाहीत, टॉर्चला लाल कागद लावायचा, लेझर तर अजिबात नको. गावातल्या काही जणांना दुर्बिणी देऊन शिकवलंय, त्यांना अ‍ॅस्ट्रो अँबॅसडर म्हणतात, एक रात्र त्यांच्यासोबत घालव, फोटोपेक्षा जास्त मिळेल. आणि प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, घरच्यांना आधीच सांगून जा.

प्रश्न : फेब्रुवारीत हिमबिबट्या बघायला जातोय. बॅटरी टिकते का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : उणे तापमानात बॅटरी पटकन मान टाकते. तीन-चार जास्तीच्या ठेवा, त्या स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. विमानात त्या हॅंडबॅगमध्येच लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. बाहेरून गरम खोलीत येताना कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि तास-दोन तास उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं. बर्फावर एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट वाढवा, कॅमेरा पांढऱ्याला करडं करून टाकतो.

प्रश्न : माझे हरिश्चंद्रगडाचे फोटो छान खोल दिसतात, लडाखचे मात्र पोस्टरसारखे चपटे आलेत. कॅमेरा तोच, लेन्स तीच. असं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण दोष तुमचा नाही, हवेचा आहे. सह्याद्रीत हवेत ओलावा असतो, एकामागे एक डोंगर फिकट निळे होत जातात, त्या थरांनीच आपल्याला अंतर कळतं. लेहला वर्षभरात पाऊस पडतो जेमतेम १०० मिलिमीटर. हवा इतकी कोरडी आणि विरळ की वीस किलोमीटरवरचा डोंगरही समोरच्या दगडाइतकाच धारदार दिसतो, डोळ्याला अंतर समजतच नाही.

तिथे खोली आपल्याला आणावी लागते. चौकटीत एखादा ट्रक, गोंपा (बौद्ध मठ), चालणारा माणूस घ्या. निम्मूला सिंधू आणि झंस्कारचा संगम वरून सगळे वाइड लेन्सनेच काढतात आणि नदीची रुंदी कळतच नाही, तिथे ७०-२०० ची टेलिफोटो लेन्स लावून दोन रंगांच्या पाण्याच्या रेषेवर तरंगणारा एकच राफ्ट धरा, मग बघा नदी केवढी वाटते. दुपारच्या उन्हात डोंगर मातीच्या ढिगासारखे दिसतात, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी बाजूने ऊन आलं की प्रत्येक घळ उठून दिसते. पोलरायझर (चकाकी कमी करणारा, आभाळ गडद करणारा फिल्टर) तिथे जपून वापरा, आभाळ आधीच गडद असतं, ते पार काळं होतं. पँगाँगला उन्हाचं गणित नेमकं उलटं, पाण्याची निळाई ऊन चढल्यावरच खुलते, प्रतिबिंब मात्र पहाटे, वारा सुटायच्या आत.

प्रश्न : आम्ही नोकरीमुळे अहमदाबादला राहतो. दोन दिवसात बघून होईल असं रखरखीत काही जवळ आहे का? – एक दांपत्य

उत्तर : कच्छचं छोटं रण! बजाणा किंवा दसाड्याच्या बाजूने सकाळी निघून तुम्ही जेवायच्या आधी पोचाल. रानगाढवांचं, म्हणजे खूरचं अभयारण्य आहे, जवळजवळ ५००० चौरस किलोमीटर. स्थानिक ड्रायव्हर घ्याच, वरून कोरडी दिसणारी जमीन खाली चिखल असू शकते. त्याला आधीच सांगून ठेवा की कळपामागे गाडी पळवायची नाही. धुरळा उडवत पळणाऱ्या खूरचे फोटो लोक असेच मिळवतात आणि मला ते बघवत नाहीत. गाडी लांब उभी करा, इंजिन बंद, अर्धा तास थांबा, कळप आपणहून चरत जवळ येतो. मावळतीकडे तोंड करून काढलात तर त्यांच्या पाठीवरच्या केसांची कड सोन्यासारखी उजळते. लेन्स तिथे बदलू नका, मिठाची धूळ आत गेली की निघत नाही.

आगरियांच्या, म्हणजे मीठ पिकवणाऱ्यांच्या मिठागरांवर जाल तर आधी बसा, चहा द्यायला ते मागेपुढे बघत नाहीत, मग विचारून फोटो काढा आणि प्रिंट ड्रायव्हरच्या हाती पाठवा. पावसात रणात पाणी भरतं, उंच जागांची बेटं होतात, त्यांना तिकडेही बेटच म्हणतात, आणि १६ जून ते १५ ऑक्टोबर अभयारण्य बंद असतं. तुम्ही डिसेंबरात जा.