आधी टँकर लिही

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची सहाही प्रकरणं वाचली. शनीच्या कड्यांजवळचा पाठलाग तर दोनदा वाचला. हुद्द्यांची उतरंडही तू बरोबर लावली आहेस. अडचण एवढीच, की हुद्दा आणि नेमणूक तू एकच धरलीस.

हुद्दा खांद्यावर असतो, नेमणूक जहाजावर. लहान नौकेचा प्रमुख लेफ्टनंट कमांडर असला तरी त्या नौकेचा कॅप्टन तोच. आणि नौदलात ज्याचा हुद्दाच कॅप्टन, तो लष्करातल्या कर्नलच्या तोडीचा; लष्करातला कॅप्टन त्याच्याहून बराच खालचा. त्यामुळे तिसऱ्या प्रकरणात पायदळाचा कॅप्टन नौदलाच्या कॅप्टनशी बरोबरीने भांडतो, ते पटत नाही.

4 डिसेंबर 1971 ची रात्र आठव. निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. निपातला तिचा स्वतःचा कॅप्टन होता, आणि स्क्वाड्रनचे, म्हणजे या नौकांच्या तुकडीचे, प्रमुख कमांडर बबरू भान यादवही त्याच नौकेवर होते. एवढ्याशा नौकेत दोन अधिकारी: एकाकडे नौका, दुसऱ्याकडे सगळी तुकडी. तुझा ॲडमिरल मात्र कॅप्टनला ओलांडून थेट सुकाणूवाल्याला हुकूम सोडतो. त्या क्षणी कॅप्टनला काय वाटलं? ते तू लिहिलंच नाहीस, आणि मला नेमकं तेच वाचायचं होतं.

त्याच रात्रीची आणखी एक गोष्ट. त्या नौकांचा पल्ला कमी, त्यांच्या रडारची नजरही तोकडी. म्हणून सोबत दोन मोठ्या युद्धनौका दिल्या होत्या, आणि इंधनासाठी पोषक नावाचा टँकर. ताफा असा बनतो. एकाचं उणं दुसऱ्याने भरून काढायचं. तुझी तीनशे जहाजं एकाच साच्यातली आहेत. ती खातात काय, त्यांची डागडुजी कोण करतं? आपल्याकडे पश्चिम ताफा रिअर ॲडमिरलच्या हाताखाली समुद्रावर असतो. त्याच्यावरची पश्चिम नौदल कमान मुंबईत, तिचा प्रमुख व्हाइस ॲडमिरल. लढणारा आणि लढण्याजोगं ठेवणारा, दोघांच्या खुर्च्या वेगळ्या. तुझ्याकडे दुसरी खुर्चीच नाही.

अंतराचंही बघ. शनीहून पृथ्वीवर निरोप पोचायला तासाहून जास्त वेळ लागतो, उत्तर यायला तेवढाच आणखी. स्पेनच्या किनाऱ्याजवळची ट्रफाल्गारची आरमारी लढाई 21 ऑक्टोबर 1805 ची, पण बातमी लंडनला पोचली 6 नोव्हेंबरला. अशा अंतरावर कॅप्टनला विचारायला कुणी नसतं. तुझा कॅप्टन दर पानावर मुख्यालयाची परवानगी मागतो, ते काढून टाक.

शब्दांबद्दल माझा आग्रह आहे. आंग्र्यांच्या आरमारात गुराबा म्हणजे मोठी लढाऊ जहाजं होती, गलबतं होती, आणि कान्होजींचा किताब सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. कोळ्यांच्या होडीवर आजही तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि खलाशी असतात. हे शब्द अवकाशात ने. संस्कृतातून घडवलेल्या जडजंबाल पदव्यांपेक्षा ते कितीतरी जिवंत वाटतील. शिवाय तुझ्या सहा प्रकरणांत एकही खलाशी बोलत नाही. इंजिनाचा आवाज बदलला हे आधी त्यालाच कळतं रे!

सहावं प्रकरण टँकरवरच्या तांडेलाच्या डोळ्यांनी पुन्हा लिही. लढाई त्याला दिसणार नाही, फक्त परतणारी जहाजं मोजता येतील. दिवाळीआधी पाठव, मी वाट बघतो.

तुझा,
काका