आधी ७२ तास सांग

प्रिय मित्रा,

कॉलेजात एचआयव्हीवर बोलायला जातोयस. लाल रिबिनीचं पोस्टर राहिलं तरी चालेल, पण एक आकडा विसरू नकोस: ७२ तास. कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, वापरलेली सुई टोचली, तर पीईपीच्या, म्हणजे असा धोका घडून गेल्यावर लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात. जितक्या लवकर तितकं बरं, कारण विषाणूने पेशींत एकदा ठाण मांडलं की त्या गोळ्या काही करू शकत नाहीत. म्हणून रात्र असली तर ससूनसारख्या सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठायची, सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही. पुढे २८ दिवस रोज गोळी. भीती ओसरली, थोडं मळमळलं की मुलं मध्येच सोडतात, हेही सांग.

दुसरी गफलत तपासणीची. शनिवारी संबंध, सोमवारी लॅब, रिपोर्ट निगेटिव्ह, की झाले निर्धास्त! तपासणी जी शोधते ती प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) रक्तात दिसायला काही आठवडे जातात. हाच विंडो पिरियड. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तोवर कंडोम. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत आहे. तिथे पहिल्या किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आलं तरी आणखी दोन वेगळ्या किटवर खात्री केल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

कंडोमचं तर हसण्यावारीच जातं. गाडीच्या डिकीत उन्हाळाभर तापलेला कंडोम वापरू नये. खोबरेल तेल, व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स कमकुवत होतं. एकावर एक दोन चढवले तर घासून फाटतात.

‘हे बुधवार पेठेतल्यांचं’ असं कुणीतरी म्हणेलच. वाद घालू नकोस. एवढंच विचार, शेजारी बसलेल्याचा रिपोर्ट चेहऱ्यावरून वाचता येतो का?

कुणी नंतर बाजूला घेऊन ‘मी पॉझिटिव्ह आहे’ म्हणालं, तर ‘कसं झालं?’ हा प्रश्न गिळ. गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात, ते विचार. एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी ही औषधं, रोज, न चुकता घेतली आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासणीत न दिसण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. यावर डॉक्टर नसलेल्या कुणाचा चटकन विश्वास बसत नाही, तू दोनदा सांग. खंड पडतो तो बहुधा गणपतीला गावी गेल्यावर, किंवा डबी घरच्यांपासून लपवताना. गावी निघण्याआधी जास्तीच्या गोळ्या मागून घ्यायच्या. आणि त्याचं नाव तुझ्यापाशीच राहू दे. संमतीशिवाय ते फोडायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे.

निघताना फळ्यावर १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक मोठ्या अक्षरात लिही आणि पुसू नकोस. हात वर न केलेली मुलं तो वर्ग रिकामा झाल्यावर टिपून घेतात.