वाचकांचे प्रश्न : ‘टूल’ कोठून ऐकावे?

प्रश्न : ‘टूल’ या अमेरिकी बँडविषयी बरेच वाचल्यामुळे मी त्यांचा ‘फिअर इनॉक्युलम’ हा अल्बम ऐकायला घेतला, परंतु दहा-दहा मिनिटांच्या गाण्यांत ताल काही सापडेना आणि मी अर्ध्यावर थांबलो. सुरुवात कोठून करावी? त्यांची गाणी गणितावर बेतलेली असतात, हे खरे आहे का?

उत्तर : आपण निवडलेला अल्बम तेरा वर्षांच्या खंडानंतर, २०१९ मध्ये आला. त्यातील सहा गाणी दहा मिनिटांहून मोठी आहेत आणि ‘टूल’ची सवय असलेल्यांच्याही सबुरीची तो कसोटी पाहतो. त्यामुळे तो सध्या बाजूला ठेवावा आणि २००१ च्या ‘लॅटरॅलस’मधील ‘स्किझम’ या गाण्यापासून प्रारंभ करावा, असे मी सुचवेन.

या गाण्याची मुख्य सुरावट बास गिटारवर वाजते. पाच आणि सात अशा मात्रांचे गट तिच्यात आलटून पालटून येतात, म्हणून चारच्या हिशेबाने ठेका धरणाऱ्याचा हात चुकतो. मात्र लक्ष ड्रमवर न ठेवता बासवर ठेवले, तर दोन-तीन वेळा ऐकल्यावर हा हिशेब अंगवळणी पडतो. माझ्या मते ‘टूल’ची खरी किल्ली बासच आहे. १९९५ मध्ये पॉल डामूर यांच्या जागी जस्टिन चान्सलर आले आणि त्यानंतर बास नुसता आधार न राहता अनेक गाण्यांचा धागा झाला. हा फरक जाणून घ्यायचा असेल, तर १९९३ च्या ‘अंडरटो’मधील ‘सोबर’ आणि १९९६ च्या ‘ईनिमा’मधील ‘फॉर्टी सिक्स अँड टू’ लागोपाठ ऐकावीत.

गणिताची गोष्ट खरी आहे, पण ती प्रामुख्याने ‘लॅटरॅलस’ या शीर्षकगीतापुरती. त्याच्या कडव्यांत मेनार्ड जेम्स कीनन गातात त्या ओळींतील उच्चारांची संख्या १, १, २, ३, ५, ८ अशी फिबोनाची क्रमाने (ज्यात प्रत्येक संख्या ही आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते) वाढते आणि पुन्हा उतरते. ध्रुवपदात ९, ८ आणि ७ मात्रांची आवर्तने एकामागून एक येतात, आणि ९८७ ही त्याच क्रमातील एक संख्या आहे. तरीही हे गाणे मनाला भिडते ते आकड्यांमुळे नव्हे, तर डॅनी कॅरी यांचे ड्रम शेवटच्या भागात ज्या रीतीने सारा भार वाहून नेतात त्यामुळे, असे मला ठामपणे वाटते. (तबल्याची आवड असेल, तर २००० च्या ‘सॅलिव्हल’ संचातील ‘पुशिट’चे प्रत्यक्ष कार्यक्रमातील रूप जरूर ऐकावे; त्यात आलोक दत्त यांचा तबला आहे.)

२००६ चा ‘टेन थाउजंड डेज’ ऐकताना एक पथ्य पाळावे. ‘विंग्ज फॉर मेरी’ आणि त्यापुढचे शीर्षकगीत ही एकाच रचनेची दोन अंगे आहेत. कीनन यांच्या आई ज्युडिथ मेरी सुमारे २७ वर्षे, म्हणजे जवळपास दहा हजार दिवस, पक्षाघाताने पीडित होत्या. त्यांच्या निधनानंतर लिहिलेला हा निरोप आहे. गाण्यांचा क्रम आपोआप बदलण्याची सोय बंद करून ही दोन्ही गाणी सलग ऐकावीत, कारण पहिल्यातील संयमाशिवाय दुसऱ्यातील आक्रोश कळत नाही. हे झाल्यावर ‘फिअर इनॉक्युलम’कडे परतावे आणि ‘न्यूमा’पासून पुन्हा सुरुवात करावी.