4के आणि फुल एचडी मॉनिटर शेजारी लावलेत, माउस मध्येच कडेला का अडकतो?

माउस ठीक आहे. विंडोज पडदे इंचांत नाही, पिक्सेलमध्ये मोजतं. 4के मॉनिटर 2160 पिक्सेल उंच, शेजारचा 1080. म्हणजे मोठ्याची निम्मी कड चक्क भिंत. तिथून कर्सर जाणार कुठे?

सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्लेमध्ये जा. 1 आणि 2 आकड्यांचे चौकोन दिसतील. छोटा चौकोन ओढून, टेबलावर मॉनिटर जसा वर-खाली आहे तसा लावा आणि अप्लाय करा. विंडोज 11 असेल तर तिथेच ‘मल्टिपल डिस्प्लेज’ उघडून कर्सर सहज पलीकडे जाऊ देणारा पर्याय टिक करा. मग भिंतीला भिडलेला कर्सरही पलीकडे उतरतो. जाताना जरा उडी मारतो, पण अडकण्यापेक्षा ते परवडलं. उडीही खटकत असेल तर ‘लिटल बिग माउस’ हे मोफत सॉफ्टवेअर बघा, ते पडद्यांचं खरं माप धरून चालतं.