भावाचं तोंड बघायचं नाही, पण नजर त्यालाच शोधते

प्रश्न : वाटणीत भावाने चांगले यंत्रमाग स्वतःकडे ठेवले. तेव्हापासून बोलणं बंद. मी त्याचा द्वेष करतो. तरी सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वजांच्या गर्दीत नजर त्यालाच शोधते. असं का? (यंत्रमागधारक, अक्कलकोट रोड)

उत्तर : मला तरी यात द्वेष दिसत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने 'ऱ्हेटोरिक' या वक्तृत्वकलेवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात राग आणि द्वेष वेगळे काढलेत. रागावलेल्याला वाटतं, समोरच्यालाही लागावं, आणि का लागलं ते कळावं. द्वेष करणाऱ्याला तो माणूसच नको असतो. राग ठरावीक माणसावर असतो, द्वेष अख्ख्या जमातीचाही करता येतो. राग काळाने उतरतो, द्वेष नाही. आता स्वतःलाच विचारा : उद्या भाऊ माग विकून कायमचा सुरतेला गेला, तर हायसं वाटेल की चुटपुट लागेल? तुमचा धंदा बसला नाही, हे त्याने बघावं असं तुम्हाला वाटतंय. हा राग झाला. (मागांचा हिशेब निराळा. तो ॲरिस्टॉटलकडून मिटायचा नाही, त्याला वकील नाहीतर मामा लागतो.)

प्रश्न : द्वेष प्रेमाने जिंकता येतो, असं डच तत्त्वज्ञ स्पिनोझा म्हणतो. हे नुसतं गोड बोलणं नाही का? (बी.ए.चा विद्यार्थी, सात रस्ता)

उत्तर : गोड बोलण्याचा त्याचा पिंड नव्हता. १६५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला वाळीत टाकलं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. १६७७ मध्ये, मृत्यूनंतर छापलेल्या 'एथिक्स'मध्ये तो भूमितीसारखी मांडणी करतो. आनंद झाला आणि त्याचं कारण अमुक आहे असं वाटलं, की प्रेम. दुःख झालं आणि कारण अमुक, की द्वेष. द्वेषाला उलट द्वेष मिळाला तर दुःखाला आणखी एक कारण मिळतं, म्हणून तो वाढतो. तिकडून प्रेम आलं तर तेच कारण डळमळतं. तर्क पक्का आहे. मात्र अन्याय चालू असताना, ज्याच्यावर तो होतोय त्यालाच हे ऐकवणं मला पटत नाही. तिथे आधी कारण हटवावं लागतं.

प्रश्न : योगसूत्रांत पतंजली द्वेषाबरोबर आसक्तीलाही क्लेश, म्हणजे दुःखाचं मूळ, म्हणतात. मग नातवाचा लळाही सोडायचा? (निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : नाही हो. त्याच योगसूत्रांच्या पहिल्या पादात, म्हणजे भागात, सुख्यांशी मैत्री आणि दुःखितांवर करुणा ठेवायला सांगितलंय. लळा खुशाल असू द्या. सुट्टी संपून नातू पुण्याला निघाला, की सुनेशी खटके उडत असतील, तर तेवढ्यापुरतं दुसऱ्या पादातलं सातवं सूत्र काढून वाचा : सुखाच्या मागोमाग येते ती आसक्ती.