सरकार बदललं तर मुंबईत घरं स्वस्त होतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला वन बीएचके बघून ठेवलाय, पण सत्तापालट झाला तर भाव उतरतील का, एकूण अर्थव्यवस्थेचं काय होईल आणि तोवर बुकिंग थांबवावं का?

मी मुंबईत अठरा वर्षं दस्त नोंदणीची कामं करतोय. काँग्रेस-राष्ट्रवादी, भाजप-सेना, महाविकास आघाडी, महायुती, सगळ्यांच्या काळात करारनामे केले. सरकार बदललं म्हणून रेट खाली आला, असा एकही करारनामा माझ्या हातून गेलेला नाही. बदलतात त्या दोन गोष्टी: सरकारात भरायची रक्कम आणि ताबा मिळायची तारीख.

रकमेचं आधी सांगतो. १ सप्टेंबर २०२० पासून स्टॅम्प ड्युटी ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आली, डिसेंबरअखेरपर्यंत. पुढचे तीन महिने ३ टक्के. तो डिसेंबर मी विसरणार नाही. रजिस्ट्रेशन ऑफिसच्या जिन्यापर्यंत रांग, तोंडाला मास्क, सर्व्हर दर तासाला झोपलेला. एका आजोबांचा अंगठा मशीन घेईचना, सॅनिटायझर चोळून चोळून बोटांची सालं निघालेली. शेवटी नातीने बोटाला खोबरेल लावलं, पुसलं, तेव्हा कुठे ठसा उमटला. नव्वद लाखांच्या घरावर साडेचार लाखांऐवजी एक लाख ऐंशी हजार, म्हणजे सरळ दोन लाख सत्तर हजार वाचत होते, रांग लागणारच. पण त्याच महिन्यात माझ्या एका गिऱ्हाइकाला बिल्डरने फ्लोअर राइजमध्ये (वरच्या मजल्यासाठी लावतात तो जादा दर) दोन लाख वाढवून लावले. सवलत सरकारने दिली, तिचा मोठा वाटा गेला बिल्डरच्या खिशात. शिवाय ती सवलत सरकार बदलल्याची नव्हती. कोरोनात बाजार आडवा पडला होता म्हणून दिली होती. कोणीही असतं तरी काहीतरी द्यावंच लागलं असतं.

मेट्रोच्या नावाने लागणाऱ्या एक टक्का अधिभाराची गंमत बघा. लावला फडणवीस सरकारने, मार्च २०२० मध्ये दोन वर्षांसाठी थांबवला ठाकरे सरकारने, आणि एप्रिल २०२२ ला परत सुरू झाला तोही ठाकरे सरकारच्याच काळात. आज मुंबईत हा अधिभार धरून ६ टक्के स्टॅम्प ड्युटी भरावी लागते (बाईच्या एकटीच्या नावावर घर असेल तर १ टक्का सूट). राज्याच्या तिजोरीला भरीव पैसा देणाऱ्या मोजक्या खात्यांपैकी हे एक आहे. विरोधात असताना बोलायला सोपं असतं, खुर्चीत बसल्यावर हा नळ कोण बंद करणार? त्यात जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींना महिना दीड हजार जातात. ते कुठून तरी यायला हवेत ना! रेडी रेकनर बघा, म्हणजे ड्युटी मोजायला सरकार ठरवतं ते जागेचे दर. २०२३ आणि २०२४ मध्ये, निवडणुका तोंडावर असताना, कोणी हात लावला नाही. विधानसभा झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्यात सरासरी चार टक्क्यांच्या आसपास वाढ झाली. म्हणजे निवडणुकीनंतर स्वस्ताई येईल म्हणून थांबणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं.

खरा फटका बसतो तो तारखेचा. मेट्रो ३ ची कारशेड आरेतून कांजूरला नेली ऑक्टोबर २०२० मध्ये. डिसेंबरात हायकोर्टाने कांजूरचं काम थांबवलं. जून २०२२ अखेर नवं सरकार आलं आणि जुलैत कारशेड परत आरेत. कोण बरोबर हा वाद मी इथे घालत नाही, पण त्या दोन वर्षांत कांजूरचे एजंट ‘इथेच होणार’ सांगून फ्लॅट दाखवत होते, हे मी कानांनी ऐकलंय. धारावीचंही तसंच: आधीचं टेंडर २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये नवं. फाइल टेबलावरच राहते. सुतार, प्लंबर, टाइल्सवाला यांची रोजी मात्र त्याच फाइलवर असते. तुम्ही अर्थव्यवस्था विचारलीत, तर मला ती अशी दिसते.

माझे मामा वरळीच्या बीडीडी चाळीतले. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक संडास. पुनर्विकासाचं पहिलं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये एका मुख्यमंत्र्यांनी केलं, दुसरं ऑगस्ट २०२१ मध्ये दुसऱ्यांनी. मामा दोन्हीला जांबोरी मैदानात हजर, दुसऱ्या वेळी म्हणाले, ‘‘पत्रिका तीच आहे, फक्त नवरदेव बदलला.’’ पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. घरं ५०० फुटांची आहेत, छान आहेत. योजना कुठल्याच सरकारने मोडली नाही, हेही कबूल करायला हवं. पण आठ वर्षं गेली.

आता हप्ता. २०२२ च्या जूनअखेर राज्यात सरकार बदललं आणि त्याच सुमाराला लोकांचे हप्ते वाढायला लागले. एक गृहस्थ माझ्या टेबलावर मूठ आपटून म्हणाले, ‘‘बघा, आल्या आल्या हप्ता वाढवला!’’ बिचाऱ्या मुख्यमंत्र्यांचा त्यात काही संबंध नव्हता. रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर नेला. पन्नास लाखांचं कर्ज, वीस वर्षं: ७ टक्क्यांना हप्ता साधारण ३८,८०० आणि ९ टक्क्यांना ४५,०००. महिन्याला सहा हजारांचा फरक, आणि दिल्लीतलं सरकार तेच होतं.

म्हणून तुमच्यासाठी: फ्लॅट तयार असेल, ओसी (राहायला जाण्याचा पालिकेचा दाखला) आलेली असेल आणि हप्ता झेपत असेल, तर निवडणुकीची वाट बघू नका. बांधकाम चालू असेल, तर महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रकल्पाची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते आधी बघा. जमीन खासगी आहे की म्हाडाची, झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेची आहे की सोसायटीचा पुनर्विकास, हेही विचारा. सरकारी जमीन आणि झोपु योजना जितकी जास्त, तितकी नव्या मंत्र्याच्या सहीवर तुमची तारीख अवलंबून. तसा प्रकल्प असेल तर भाड्याचे दीड-दोन वर्षांचे पैसे बाजूला धरूनच हिशेब करा.

इमारतीची सीसी (बांधकामाची परवानगी) कितव्या मजल्यापर्यंत आलीय ते कमेंटमध्ये लिहा, मग जरा नेमकं सांगता येईल.